‘चालू आहे’ म्हणजे नक्की किती?

ऑफिसात सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य कुठलं? ‘हो हो, चालू आहे!’ बॉसने रिपोर्टचं विचारलं, चालू आहे. क्लायंटने डिझाइनचं विचारलं, चालू आहे. प्रत्यक्षात स्क्रीनवर मॅचचा स्कोअर उघडा असतो. मंडळी, यात आपण एकटे नाही. आमच्या मागच्या बाल्कनीतलं सीएनसी मशीनही अगदी हेच करतं.

सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरने दिलेल्या आकड्यांवर धातू कापणारं मशीन. १९५२ साली अमेरिकेतल्या एमआयटीत आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन पहिल्यांदा दाखवलं, तेव्हा त्याचा मेंदू व्हॅक्यूम ट्यूब्जचा होता. आज तेच काम तळहातावर मावणारा अर्डुइनो बोर्ड आणि जीआरबीएल नावाचं फुकट सॉफ्टवेअर करतं. म्हणून हौशी लोकांनी ही मशीन्स थेट घरात आणली. आमच्याकडे आणली बाबांनी.

बाबा ३१ वर्षं भोसरीच्या एका शॉपमध्ये मिलिंगवर होते. रिटायर झाले आणि दोन महिन्यांत पेपर वाचून, फिरायला जाऊन जाम कंटाळले. मी मास कॉमवाली, सोल्डरिंगशी संबंध शून्य. पण फ्रीलान्सर म्हणजे दुपारी मोकळा माणूस, असं आमच्या घरचं ठाम मत असल्यामुळे हेल्पर मीच!

बाबांचा फंडा एकच. मशीन कानाने चालवायचं. कटरवर लोड आला की आवाज जड होतो, धार गेली की किंचाळतो. ऐकायचं आणि हात फिरवायचा. प्रॉब्लेम इतकाच, की हल्ली त्यांचा मोबाइल आख्ख्या घराला ऐकू येतो, त्यांना सोडून. टीव्हीच्या बातम्या शेजाऱ्यांना फुकट. “मला सगळं नीट ऐकू येतं. तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता,” हे ठरलेलं उत्तर. कानाच्या डॉक्टरचा विषय निघाला, की बाबा उठून बाल्कनीत.

तर स्पिंडल, म्हणजे कटरला गरागरा फिरवणारा भाग. आमची त्याची मोटर ५०० वॉटची आहे. प्रोग्रॅममध्ये ‘एम ३ एस ६०००’ लिहिलं, की अर्थ होतो : घड्याळाच्या दिशेने फिर, मिनिटाला ६००० फेरे. सेटिंगमध्ये कमाल वेग १२००० भरलेला असेल, तर बोर्ड ५ व्होल्टचा सिग्नल निम्मा वेळ चालू, निम्मा वेळ बंद असा भराभर पाठवतो. मोटरचा ड्रायव्हर त्यावरून वेग ठरवतो. बस्स, बोर्डाची ड्यूटी संपली! मोटर खरंच ६००० ने फिरतेय, ४००० ने, की अडकून उभी आहे, हे त्याला कळत नाही. त्याच्या लेखी ‘चालू आहे’.

आता ही छोटी गोष्ट नाही. ६००० फेरे, दोन दातांचा कटर आणि मिनिटाला ६०० मिलिमीटरची चाल असेल, तर प्रत्येक दात ०.०५ मिलिमीटर जाडीचा कीस काढतो. स्पिंडल ४००० वर घसरला आणि चाल तीच राहिली, तर जाडी होते ०.०७५. म्हणजे प्रत्येक दाताला दीडपट घास. कटर तुटतो तो असा.

यावर उपाय म्हणून बुधवार पेठेतून हॉल सेन्सर आणला. तीन पायांचा, शेंगदाण्याहून लहान. बाबांनी लेथवर ॲल्युमिनियमची रिंग टर्न करून आणली आणि तिच्यात समोरासमोर दोन चुंबकं एपॉक्सीने बसवली. एक सुलट, एक उलट. सेन्सर फक्त दक्षिण ध्रुवाला दाद देतो, त्यामुळे एका फेऱ्याला एकच ठोका. दुसरं चुंबक फक्त तोल सांभाळायला. सेन्सरची सिग्नलची वायर खाली ओढता येते, पण आपणहून वर येत नाही. म्हणून १० किलो-ओहमचा रेझिस्टर लावून ती ५ व्होल्टला बांधली. दुसऱ्या अर्डुइनोने दोन ठोक्यांमधला वेळ मोजायचा. १० मिलिसेकंद म्हणजे ६००० फेरे. हिशोब सोपा.

मोटर सुरू केली आणि डिस्प्लेवर आकडा आला १९०००! १२००० च्या मोटरला? मोटरच्या ब्रशमधल्या ठिणग्यांचा गोंगाट सेन्सरच्या वायरीत घुसत होता. मग शील्डवाली केबल टाकली, शील्ड एकाच टोकाला अर्थ केलं, केबल मोटरच्या वायरींपासून लांब नेली. शिवाय ३ मिलिसेकंदांच्या आत आलेला ठोका मोजायचाच नाही, असं प्रोग्रॅमला सांगितलं. आकडा शहाण्यासारखा ६००० वर बसला. इमर्जन्सी स्टॉप मात्र बाबांनी सॉफ्टवेअरच्या भरवशावर ठेवला नाही. लाल बटण दाबलं, की मोटरची पॉवरच कट.

गेल्या महिन्यात ॲल्युमिनियमच्या प्लेटमध्ये खाच पाडत होतो. डिस्प्ले माझ्यासमोर, बाबा जॉबवर वाकलेले. “मस्त चाललंय,” ते म्हणाले. आकडा मात्र ५४०० झाला, मग ४९००, मग ४३००. मी त्यांच्या खांद्याला हात लावून डिस्प्ले दाखवला.

त्यांनी आकडा बघितला, कटर बघितला. मान तिरकी करून कान मशीनजवळ नेला. काही क्षण तसेच थांबले. मग चाल कमी केली. आकडा हळूहळू वर आला. बाबा काहीच बोलले नाहीत.

तीन दिवसांनी जेवताना आमटी वाढून घेत म्हणाले, “ती कानाची टेस्ट करतात, तिला किती वेळ लागतो गं?” आईचा डाव हातातच राहिला.

टेस्टला अर्धा तास लागला. रिपोर्टमधला ग्राफ सुरुवातीला बरा चालला होता, पण ४००० हर्ट्झच्या आसपास धाडकन खाली. वर्षानुवर्षं मशीनच्या आवाजात काढलेल्या कानांत साधारण हीच खूण दिसते, डॉक्टर म्हणाले. मशीनचं काम करताना, घरातही, कानात प्लग घालायचे. आणि हिअरिंग एड ट्राय करायचं.

बाबांनी तो ग्राफ बराच वेळ निरखला. मग माझ्याकडे सरकवून म्हणाले,

“लोडवर आरपीएम पडलाय.”