गलबत भरण्याआधी मुंबई फिरा!

मुलांनो, समुद्रावरच्या व्यापाराचा व्हिडिओ गेम कधी खेळलात का? सुरुवातीला हातात येतं एक लहानसं गलबत आणि थोडेसे पैसे. मग प्रश्न पडतो, माल कोणता भरू? कुठल्या बंदराला नेऊ? घाई केलीत, की दोन-तीन फेऱ्यांतच तिजोरी रिकामी! त्यापेक्षा एखाद्या रविवारी आईबाबांबरोबर मुंबई फिरा. हा खेळ इथे खराखुरा खेळला गेलाय, बरं का!

आधी लालबागच्या मसाला बाजारात जा. उन्हाळ्यात इथे मिरच्यांच्या राशी लागतात. ब्याडगी मिरची कर्नाटकातली, मिरी-वेलची केरळातली. लालबागला यातलं काहीच पिकत नाही! जिथे पिकतं तिथे घ्यायचं, जिथे पिकत नाही तिथे विकायचं, हा पहिला धडा. मात्र नफा मोजताना वाहतुकीचा खर्च वजा करायला विसरू नका.

तिथून माझगावचा भाऊचा धक्का गाठा. भाऊ अजिंक्य यांनी १८४१ मध्ये मुंबईत धक्का बांधला, त्यांचंच हे नाव. इथून रेवस आणि मोरा बंदराला लाँच जातात. शिडाच्या गलबतांच्या काळी पावसाळ्यात ही वाहतूक थांबे. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला, की गलबतं पुन्हा पाण्यात! म्हणून दुसरा धडा, भावाबरोबर वाराही बघा.

शेवटी गिरगाव चौपाटीवर या. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. मग मुंबईहून जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला! शहरात इतका पैसा आला, की समोरचा हा समुद्र, म्हणजे बॅक बे, भरून जमीन करायला कंपन्या निघाल्या. लोकांनी कर्ज काढून त्यांचे शेअर घेतले. पण १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि कापसाचा भाव कोसळला. शेअरची रद्दी झाली. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या बड्या व्यापाऱ्यांचंही दिवाळं निघालं.

तिसरा धडा कळला ना? सगळं गलबत एकाच मालानं भरू नका, आणि तेही उसन्या पैशांनी तर नकोच. गेममध्ये हरलात तर बटण दाबून नवा डाव मांडता येतो. १८६५ च्या त्या घरांना ती सोय नव्हती.

आता चौपाटीवर भेळ खा आणि आईबाबांना विचारा, यातला कुठला जिन्नस कुठून आला असेल? उत्तरं शोधलीत, की तुमची पहिली फेरी सुरू!