ठिगळ

मातीच्या भिंतीवर काम करणाऱ्याचं मनगट गेलं की त्याला लेप पातळ ओढता येत नाही. थापी कुठे जास्त दाबली जाते, कुठे कमी, आणि ते झाकायला हात आपसूक जाड थर चढवतो. जाड थराला पाणी जास्त, सुकताना त्याचं आकसणंही जास्त, आणि हे सगळं आकसणं शेवटी एकाच जागी बाहेर पडतं: जुनी आणि नवी माती भेटते त्या कडेला. इतकी वर्षं मी त्या कडेचाच विचार करत आलो आहे. आता हात साथ देत नाही, तेव्हा माझं मत पक्कं झालं आहे की दुरुस्तीची माती भिंतीपेक्षा दुबळीच हवी. भिंतीआधी ठिगळ झिजायला हवं.

जुनी भिंत आपलं आकसणं शंभर वर्षांपूर्वीच उरकून बसलेली असते. नवा चिखल सुकताना अंग चोरतो आणि ठिगळाभोवती केसाएवढी फट पडते. दुपारी ती दिसत नाही. संध्याकाळचं ऊन तिरपं आलं की काळी रेघ उमटते, पेराने वाजवलं की पोकळ आवाज येतो, आणि पावसाचं पाणी त्या रेघेतूनच ठिगळामागे शिरतं. चिखल मुरवा, भुसा वाढवा, पाणी तोडून माती ठोकत भरा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण जुनी भिंत किती भिजवायची, हे मला आजही शब्दांत सांगता येत नाही. कमी भिजवली तर ती नव्या चिखलातलं पाणी ओढून त्याला कोरडं पाडते. जास्त भिजवली तर तिचाच पापुद्रा फुगून सुटतो आणि ठिगळ त्याला धरून खाली येतं. मातीच्या निवडीतही असाच पेच. पायथ्याशी पडलेला ढिगारा भिंतीचाच, तेव्हा तोच वापरावा, हे तत्त्व मला मान्य आहे. पण जोत्यालगतची माती बहुधा लोणा लागूनच गळालेली असते. ती परत भरणं म्हणजे रोग परत भिंतीत घालणं. माथ्यावरून ढासळलेली माती वेगळी ओळखून घ्यावी लागते. काळी माती तर ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते; काळी पिकाला, पांढरी घराला, ही वाटणी आपल्या गावांनी कधीच करून ठेवली आहे. मात्र नवी पांढरी आणायची म्हणजे जुन्या वसाहतींची टेकाडं उकरायची. एक वारसा राखायला दुसरा खणणं मला पटत नाही.

या कटकटीवर सिमेंट हे सोपं उत्तर वाटतं. कच्च्या मातीची भिंत दर चौरस मिलिमीटरला साधारण 1 ते 2 न्यूटन दाब सोसते. सिमेंटचा गिलावा त्याच्या कित्येक पट. पण ही जास्तीची ताकदच भिंतीला भोवते. माती ओल घेते आणि सोडते, सिमेंट तिला कोंडतं. गिलाव्याला बारीक चीर गेली तरी पाणी आत जातं, बाहेर यायला वाट नसते, आणि वरून ठणठणीत दिसणाऱ्या कवचाआड भिंतीचा चिखल होत राहतो. न्यू मेक्सिकोतल्या रँचोस दे ताओसच्या मातीच्या चर्चला 1967 मध्ये सिमेंटचा कडक गिलावा दिला गेला. बारा वर्षांतच, 1979 मध्ये, तो उतरवावा लागला. आता तिथले लोक दरवर्षी एकत्र येऊन चर्च हातांनी लिंपतात. नव्या बांधकामात पाच टक्के सिमेंट घालून दाबलेल्या विटा वापरणाऱ्यांशी माझं भांडण नाही. त्याच मिश्रणाने जुन्या गढीचा बुरूज भरून त्याला ‘संवर्धन’ म्हणणाऱ्यांशी आहे.

यावर कुणी म्हणेल, दरवर्षी लिंपायला माणसं कुठून आणायची? हा आक्षेप खरा आहे. पण त्याहून जड आक्षेप किल्लारीच्या भूकंपाचा आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे हजारो माणसं दगडमातीच्या घरांखाली गेली, आणि त्या घरांच्या माळवदांवर मातीचे थर काही ठिकाणी दोन फुटांपर्यंत गेले होते. गळती थांबवायला माती टाकत जायची, या काळजीनेच छप्पर जड केलं. आतबाहेरच्या दगडांना एकत्र बांधणारे लांब दगड भिंतीत नव्हते, हे कारण मोठं आहेच. तरी त्या ओझ्याचा दोष मी माती टाकण्याच्या रिवाजावरून काढून घेणार नाही. मालीतल्या जेने शहरातली 1907 ची मशीद गाव दरवर्षी लिंपतं, आणि तिथेही अलीकडच्या दुरुस्तीत वर्षानुवर्षं साठलेले लेप उतरवावे लागले. म्हणून झिजणारं ठिगळ हवं असं म्हणताना, उरलेलं खरवडून काढणंही मी त्याच कामात धरतो. आधी खरवडणं, मग लिंपणं. आपल्याकडे दुसऱ्याची मजुरी मिळते, पहिल्याची कुणी देत नाही.

हे मत दुबळ्या हाताने स्वतःच्या सोयीसाठी शोधलं, असा संशय मला स्वतःचाच येतो. माझं काम टिकावं, ठिगळ कुठे सुरू झालं ते पाहणाऱ्याला कळू नये, ही हौस मला आयुष्यभर होती आणि अजून आहे. मूठभर सिमेंटचा मोह त्या हौसेतूनच येतो. पण दुबळ्या मातीला थर पातळच लागतो, आणि पातळ थर हेच माझ्या मनगटाला आता न जमणारं काम आहे. तेव्हा सोय झालेली नाही. लेप आता तरुण हात ओढतात. भिंत भिजवणं तेवढं मी स्वतःकडे ठेवलं आहे: पाणी शिंपडायचं, थांबायचं, तळवा टेकायचा, आणि गारवा राहून हाताला माती लागत नाही तोवर पुन्हा थांबायचं.