अर्धें माप

घरांत कुत्रें किंवा मांजर पाळणें म्हणजे एका मुक्या जिवाला आसरा देणें, असा आपला समज असतो. वस्तुतः आपण एका सबंध वसाहतीला घर देत असतों. जनावराच्या केंसांत पिसवा असतात, कानामागें गोचीड असते, पोटांत जंत असतात. आणि ही सारी मंडळी भाडें न देतां पिढ्यान् पिढ्या नांदते. आमच्या घरीं भैरू नांवाचा कुत्रा आणि ठमी नांवाची मांजर आहे. त्या दोघांच्या निमित्तानें या वसाहतीशीं माझा जो संबंध आला, त्याची हकीकत मासिकाच्या वाचकांपुढें ठेवण्यास मला मुळींच संकोच वाटत नाहीं. ढेकणांच्या धास्तीनेंच देव कमळांत, हिमालयावर आणि समुद्रांत निजावयास गेले, असें म्हणणारा संस्कृत सुभाषितकार माझ्या पाठीशीं आहे.

पुणेकराला तर पिसवेकडे दुर्लक्ष करण्याचा अधिकारच नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत आणि १८९७ सालीं पुण्यांत प्लेगनें कहर केला, तेव्हां घरें धुतलीं गेलीं, सामानाच्या होळ्या झाल्या, माणसें ओढून छावण्यांत नेलीं गेलीं. आणि ज्या एवढ्याशा प्राण्याचें तें कर्तृत्व होतें त्याच्याकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. १८९८ सालीं पॉल-लुई सिमाँ नांवाच्या फ्रेंच डॉक्टरानें कराचीस प्रयोग करून दाखविलें कीं, मेलेल्या उंदरावरून जिवंत उंदरावर हा रोग पिसवेच्या पाठीवर बसून जातो. हें म्हणणें मान्य व्हावयास पुढें कित्येक वर्षें लागलीं. अर्थात् उंदरावरील ती पिसू वेगळ्या जातीची. आमच्या भैरूच्या अंगावर जी नांदते तिला शास्त्रज्ञांनीं ‘मांजराची पिसू’ असें नांव दिलें आहे, आणि ती कुत्र्यावरहि तितक्याच आनंदानें राहते. तेव्हां कोणाला घाबरविण्याचा माझा हेतु नाहीं. एवढ्याशा वस्तूला क्षुल्लक समजण्याची आपली संवय किती जुनी आहे, इतकेंच सुचवावयाचें आहे.

गेल्या वर्षी माझी मुलगी आपल्या दहा महिन्यांच्या मुलीला घेऊन सहा महिने माहेरीं राहावयास आली, तेव्हां हा प्रश्न आमच्या घरांत ऐरणीवर आला. नात रांगत होती. भैरू जेथें लोळे तेथेंच ती लोळे, आणि जें हाताला लागेल तें तोंडांत घाली. एका सकाळीं सौभाग्यवतीनें भैरूच्या पाठीवरून बारीक फणी फिरविली, फणींत आलेली काळी कणी ओल्या पांढऱ्या कागदावर झटकली आणि तो कागद माझ्यापुढें धरला. प्रत्येक कणाभोंवतीं तांबूस वर्तुळ पसरत होतें. ती माती नव्हती. पिसवांनीं पिऊन पचविलेलें भैरूचें रक्त होतें.

त्या दिवसापासून घरांत दोन पक्ष पडले. मुलीचें म्हणणें, रासायनिक औषध नको. बाळ कुत्र्याला मिठी मारतें. कडुनिंबाच्या पाल्याचें पाणी, कापूर, लसूण, सुगंधी तेलें, असें कांहीं तरी नैसर्गिक करावें. जांवयांचें फोनवरून मत, सर्वांत कडक औषध आणून एकदांच निकाल लावावा. मला दोन्ही पक्ष एकाच भ्रमांत दिसतात. निसर्ग सौम्य असतो ही कविकल्पना आहे. लसणानें कुत्र्यामांजरांच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात, आणि पुष्कळशीं सुगंधी तेलें मांजराला विषासमान होतात. कारण मांजर दिवसभर अंग चाटतें, म्हणजे जें अंगावर तेंच पोटांत. आणि एकदांच निकाल लावण्याची गोष्ट म्हणाल, तर पिसवेचें चरित्र ज्याला ठाऊक आहे तो तसें बोलणार नाहीं.

पिसवेची मादी दिवसाला चाळीस-पन्नासपर्यंत अंडीं घालते. तीं चिकटून राहत नाहींत. जनावर उठून अंग झाडतें तेव्हां घरभर सांडतात. त्यांतून अळ्या निघतात, त्या उजेड टाळून सतरंजीखालीं, फरशीच्या फटींत, कोचाच्या पोटांत शिरतात, तेथें कोष करतात, आणि त्या कोषांत वेळ पडल्यास महिनेच्या महिने स्वस्थ पडून राहतात. पावलांचा हादरा आणि अंगाची ऊब लागली कीं बाहेर उडी. बंद घरीं महिन्याभरानें परतलेल्या माणसाच्या पोटऱ्यांवर पहिल्याच संध्याकाळीं जी चढाई होते ती याच सेनेची. जनावराच्या अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण वसाहतीच्या शेंकडा पांचच असतात, बाकीच्या घरांत असतात, असा जाणत्यांचा अदमास आहे. कोषांतल्या पिसवेपुढें तर बहुतेक औषधें हात टेंकतात. म्हणून उत्तम औषध सुरू केल्यावरहि दोन-तीन महिने नव्या पिसवा दिसतच राहतात. नेमक्या याच काळांत माणसाचा धीर सुटतो. तो म्हणतो औषध खोटें, आणि दुसरें आणतो, मग तिसरें. खरें पाहतां त्या काळांत अंथरुणें कढत पाण्यांत धुणें, कानेकोपरे झाडणें आणि त्याच औषधाची पुढची पाळी न चुकविणें, एवढेंच करावयाचें असतें. हें काम कंटाळवाणें आहे, आणि त्यांत शौर्याला मुळींच वाव नाहीं.

कडक औषधाच्या पक्षाला मीं जें उदाहरण सांगितलें तें मात्र येथें लिहितांना हात जड होतो. आमच्या शेजारीं एक निवृत्त गृहस्थ राहत. पत्नी गेल्यावर त्यांना सोबत होती ती एका करड्या मांजरीची. तिच्या अंगावर पिसवा झाल्या तेव्हां त्यांनीं दुकानांतून मानेवर सोडावयाच्या थेंबांची एक नळी आणली. नळी सुटी मिळाली होती. तिचा डबा, त्यावरील मांजराच्या चित्रावरची फुली आणि आंतील सूचनापत्र हीं दुकानांतच राहिलीं. औषध कुत्र्याचें होतें. मोठ्या कुत्र्याला एक नळी, तर एवढ्याशा मांजरीला अर्धी, असा हिशेब त्यांनीं मायेनें केला. औषधांत पर्मेथ्रिन होतें. कुत्र्याचें यकृत हें द्रव्य मोडून टाकतें. मांजराच्या यकृताला तें साधत नाहीं. रात्रीं मांजर थरथरूं लागली, मग झटके येऊं लागले. डॉक्टरांनीं तिला साबणानें धुतलें, इंजेक्शनें दिलीं. पण पहांटे ती गेली. मी भेटावयास गेलों तेव्हां ते दारांतच उभे होते. “अहो, अर्धेंच घातलें होतें हो,” एवढेंच ते पुन्हां पुन्हां म्हणत होते. मला कांहीं बोलतां आलें नाहीं. अर्धें माप लावल्यानें विष सौम्य होतें हा समज इतका सहज आणि इतका घरगुती आहे, कीं त्यांच्या जागीं पुष्कळांनीं तेंच केलें असतें.

यानंतर मुलीचा पक्ष प्रबळ होणार असें वाटत होतें. पण ती स्वतःच भैरूला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे निघाली आणि मी बरोबर गेलों. आम्ही औषधांचीं नांवें विचारण्याच्या तयारीनें गेलों होतों. बाईच आम्हांला प्रश्न विचारीत राहिल्या. वजन किती? घरांत मांजर आहे का, आणि दोघें एकत्र निजतात का? मूल किती महिन्यांचें? कुत्रा गवतांत फिरतो का, गोचिडी दिसतात का? त्याला कधीं आंचके आले आहेत का? माहिती घेऊन झाल्यावर त्यांनीं ठरविलें: भैरूला मानेवरचे थेंब नकोतच, कारण ठमी त्याला चाटते आणि नात त्याच्या गळ्यांत हात घालते. त्याला महिन्यांतून एकदां अफोक्सोलानेरची गोळी. या वर्गांतील औषधांनीं कांहीं जनावरांना आंचके येऊं शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्यानें २०१८ सालीं दिला आहे. तो शेवटचा प्रश्न त्यासाठींच होता. ठमीला मांजरासाठींच बनविलेले सेलामेक्टिनचे थेंब, जेथें तिची जीभ पोंचत नाहीं अशा मानेच्या मुळाशीं. कुत्रा कॉली जातीचा असता तर आणखी एक प्रश्न निघाला असता. आयव्हरमेक्टिन या औषधाच्या शोधाबद्दल २०१५ सालीं सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्बेल यांना नोबेल पारितोषिक मिळालें. पण तेंच औषध जास्त मात्रेंत दिलें असतां जातीच्या जन्मजात दोषामुळें पुष्कळशा कॉली कुत्र्यांच्या मेंदूंत शिरतें. अमृताला विष करणारी गोष्ट औषधांत नसते. ज्याला तें द्यावयाचें त्याच्या घडणींत असते.

जंतांची गोष्ट बाईंनीं निघतां निघतां सांगितली, आणि मुलीनें ती सर्वांत लक्ष देऊन ऐकली. कुत्र्याच्या पिलांना गोल जंत आईच्या पोटांतच होतात. म्हणून पिलूं दोन आठवड्यांचें झालें कीं औषध सुरू करावें लागतें. त्यांचीं अंडीं विष्ठेवाटे मातींत पडतात, कांहीं आठवड्यांनीं पिकतात आणि वर्षानुवर्षें टिकतात. मातींत खेळणाऱ्या मुलाच्या पोटांत गेलीं तर त्यांतील अळी यकृतांत, क्वचित् डोळ्यांतहि जाऊन बसते. म्हणून अंगणांतील घाण रोजच्या रोज उचलावी. दुसरा जंत फितीसारखा चपटा. त्याचे तुकडे शेपटीखालीं तांदुळाच्या दाण्यांसारखे दिसतात. त्याची अळी पिसवेच्याच पोटांत वाढते, आणि अंग खाजवितांना जनावर पिसू गिळतें तेव्हां ती त्याच्या पोटांत जाते. त्यावरचें औषध प्राझिक्वांटेल. पण पिसवा तशाच ठेवून तें दिलें तर तीन आठवड्यांत पूर्वस्थिति. जंताची गोळी म्हणजे लस नव्हे, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. ती आजचे जंत मारते, उद्यांच्यांना अडवीत नाहीं.

प्रश्न उरला तो तारखा लक्षांत ठेवण्याचा. मुलीनें फोनमध्यें स्मरणाची घंटा लावली. ती ऐन स्वयंपाकाच्या वेळीं वाजे आणि कोणी तरी ती बंद करी. शेवटीं सौभाग्यवतीनें संकष्टी चतुर्थी नेमली. त्या दिवशीं उपास असल्यामुळें ती चंद्रोदयाची वाट पाहत जागीच असते. तेवढ्यांत भैरूची गोळी आणि ठमीचे थेंब उरकतात, आणि दर तिसऱ्या संकष्टीला दोघांना जंताचें औषध. डॉक्टरीणबाईंना हें सांगितलें तेव्हां त्या हंसल्या, पण मनांत हिशेब करून म्हणाल्या कीं ठीक आहे, एकोणतीस-तीस दिवस होतात. मीं अधिक मासाची शंका काढली. त्यावर सौभाग्यवतीचें उत्तर तयार होतें: अधिक महिन्यांतहि संकष्टी येतेच.