वयाचा पुरावा

कुरखेड्याकडच्या एखाद्या आबाजीला वय विचारलं तर आकडा मिळत नाही, हकिकत मिळते. गडचिरोली जिल्हा झाला त्या साली थोरलीचं लग्न लागलं, आणि धाकटा नुकताच बैलांमागे जायला लागला होता. पुढचा हिशेब ऐकणाऱ्याने करायचा. जिल्हा झाला 26 ऑगस्ट 1982 ला. बैलांमागे पोर जातं ते आठ-नऊ वर्षांचं झाल्यावर. म्हणजे धाकट्याने पन्नाशी ओलांडली आणि आबाजी ऐंशीच्या आगेमागे. चूक निघालीच तर एखाद्या रोवण्याची.

इथलं वर्ष जानेवारीत उगवत नाही. पहिला पाऊस, रोवणा, धानकापणी, मंडई, मग मोहफुलं आणि तेंदूपत्ता, असं ते फिरतं. बांबूच्या रानाला सरसकट फुलोरा येतो तो साधारण तीस-चाळीस वर्षांनी. तो दोनदा पाहिलेल्या माणसाला जन्मतारीख विचारणं मला तरी आगाऊपणाचं वाटतं.

शाळेला मात्र तारीख लागते. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की पोर सहाचं, आणि दाखलखारिज रजिस्टरात जन्म एक जून नाहीतर एक जुलै. गुरुजींच्या कृपेने एका पिढीतले कितीतरी मास्तर नि तलाठी एकाच दिवशी जन्मले! हसू नये. दक्षिण कोरियात बाळ जन्मतःच एक वर्षाचं धरत आणि 1 जानेवारीला सगळा देश एकदम वर्षाने थोरला होई. 31 डिसेंबरला जन्मलेलं दुसऱ्या दिवशी दोनचं. सरकारी कामातून ही मोजणी गेली ती थेट 28 जून 2023 ला. आपण तरी सहस्रचंद्रदर्शनाला चंद्रच मोजतो. हजार पौर्णिमा भरायला 80 वर्षं नि दहा महिने लागतात.

आबाजीची खरी अडचण होते ती निराधारांच्या पगारासाठी. श्रावणबाळ योजनेला 65 पूर्ण हवीत. ज्याने शाळेची पायरी चढली नाही त्याने ती दाखवायची कशाने? गंमत पुढेच आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यात गैरआदिवासी दावेदाराला 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचं, म्हणजे 75 वर्षांचं, वास्तव्य सिद्ध करावं लागतं. आणि नियमांतल्या पुराव्यांच्या यादीत गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब आहे. अमक्याचा आजा ह्याच बांधीत नांगर धरायचा, हे आबाजीने सांगितलं की ते कागदाच्या पंक्तीला बसतं. स्वतःच्या वयाबद्दल ज्याचा शब्द चालत नाही, त्याचाच गावाच्या वयाबद्दल चालतो.

येत्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. शून्य आणि पाचवर संपणाऱ्या वयांचा ढीग आपल्या जनगणनांत नेहमी दिसतो, कारण अंदाजाने 60, 65, 70 लिहून पुढचं घर गाठणं सोपं असतं. प्रगणक मंडळींनो, इकडे याल तेव्हा अंगणात थोडं बसा. लेकरांची नि पाठच्या भावंडांची नावं ओळीने विचारा, आणि मगच रकाना भरा.