तो आज खेळलाच नाही

रविवारी सकाळी आमच्या बॅडमिंटन हॉलच्या कडेला बाकावर चार-पाच जण बसलेले असतात. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून मीही त्यांच्यातलाच. रॅकेट सुटली, मतं देणं सुटलं नाही. परवा अकरावीतल्या एका मुलीने इंजिनिअरिंगच्या एका दांडग्या मुलाला सरळ दोन गेममध्ये हरवलं. शेवटचं शटल खाली पडलं तसा बाकावरून आवाज आला, "आज तो खेळलाच नाही मनापासून." दुसरा म्हणाला, "परीक्षा आहे ना त्याची." मीही मान डोलावली. घरी परतताना लक्षात आलं, जिंकली होती ती. आणि आम्ही बोलत बसलो होतो त्याच्याबद्दल.

पुण्यात तरी हे घडायला नको. बॅडमिंटनला एके काळी या शहराच्या नावावरून 'पूना' म्हणत. इथल्याच तारा, सुंदर आणि सुमन देवधर या बहिणींनी १९४० च्या दशकात राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. एका घरात तीन विजेत्या! पण आज 'देवधर' म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ते दि. ब. देवधर : संस्कृतचे प्राध्यापक, शंभरी ओलांडलेले, भारतीय क्रिकेटचे पितामह. ते मोठे होतेच. मुली मात्र 'प्रोफेसर देवधरांच्या मुली' राहिल्या. मुलगाही आधी अमक्याचा मुलगा म्हणूनच ओळखला जातो. पण त्याने चार करंडक घरी आणले की बाप 'त्याचे वडील' होतो. मुलीच्या बाबतीत ही अदलाबदल सहसा होत नाही.

१९७३-७४ मध्ये देवधरांच्या नावाने क्रिकेटचा करंडक सुरू झाला. त्याआधी काही महिने, एप्रिल १९७३ मध्ये, पुण्यातच महिलांची पहिली आंतरराज्य राष्ट्रीय क्रिकेट स्पर्धा झाली होती. संघ तीनच : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये क्रिकेटचा पहिला विश्वचषक झाला, तोही बायकांचा. यजमान इंग्लंडने तो जिंकला. पुरुषांचा विश्वचषक आला १९७५ साली. तरीही 'पहिला विश्वचषक कोणी जिंकला?' या प्रश्नाला मी जन्मभर 'वेस्ट इंडीज' असंच उत्तर देत आलो, आणि प्रत्येक वेळी मला पूर्ण गुण मिळाले.

बुद्धिबळात तर ताकदीची सबबही चालत नाही. तरी १९७६ मध्ये मुंबईची तेरा वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा गहजब झाला. प्रकरण जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांच्यापर्यंत गेलं आणि महिलांना अडवता येणार नाही, असा निर्वाळा त्यांना द्यावा लागला. म्हणजे पटापर्यंत पोचण्याचा प्रश्न सुटला. पण पटावर बसलेल्या मुलीचं लोक काय बघतात? नागपूरच्या दिव्या देशमुखने जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या स्पर्धेनंतर हेच जाहीरपणे लिहिलं : प्रेक्षक तिचे कपडे, केस, उच्चार यांवर बोलत होते, खेळावर नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये ती पुण्यातल्या ग्रांप्री स्पर्धेत तिसरी आली आणि जुलैत तिने कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला.

त्याच वर्षी दोन नोव्हेंबरला भारताच्या महिला संघाने नवी मुंबईत क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हा मला भरून आलं. मी लगेच घरच्या ग्रुपवर लिहिलं, 'पोरींनी करून दाखवलं!' मग जरा थबकलो. २०११ मध्ये धोनीने षटकार मारला तेव्हा मी ओरडलो होतो, 'जिंकलो!' तेव्हा कोणी कोणाला काही दाखवलं नव्हतं. कौतुक दोन्हीकडे खरंच होतं. पण एकीकडे मी संघात होतो, आणि दुसरीकडे परीक्षकाच्या खुर्चीत.

पुढच्या रविवारी मी त्या मुलीला गाठलं आणि मागच्या सामन्याबद्दल विचारलं. ती सहज म्हणाली, "काका, त्याचा बॅकहँड मागच्या कोपऱ्यात तोकडा पडतो. चौथ्या-पाचव्या पॉइंटलाच कळलं. मग सगळं तिकडेच टाकत राहिले. तो तिकडे ओढला गेला की पुढे ड्रॉप. दुसऱ्या गेमला तो दमलाच."

म्हणजे तो मनापासून खेळला नाही असं नव्हतं. तिने त्याला खेळू दिलं नव्हतं. आम्ही बाकावरून सगळा सामना बघितला होता, आणि तो तोकडा बॅकहँड आमच्यापैकी एकालाही दिसला नव्हता.

मी बाकावर परत आलो. कोणीतरी विचारलं, "काय म्हणत होती?"

"त्याचा बॅकहँड," मी म्हणालो. "बघा आता नीट."