पिकअपचे पाटे आणि माझा हिशेब

आपल्यापैकी अनेकांच्या दुकानासमोर आज एखादी पिकअप उभी असते. माझ्या धाकट्या बंधूंचे कराड येथे टाइल्स व सॅनिटरी सामानाचे दुकान आहे आणि अलीकडे पुतण्या ते सांभाळतो. त्यांच्याकडेही अशीच एक गाडी आहे. तिच्या मागच्या पाट्यांविषयी मी दिलेला एक सल्ला चुकला. तो कसा चुकला, हे येथे सांगावयाचे आहे. कारण हाच सल्ला आपल्या अनेक कुटुंबांत रोज दिला जातो.

गाडी घेऊन वर्ष झाले होते. चिपळूणकडे नवीन घरांची कामे वाढली आणि कुंभार्ली घाटातून आठवड्याला तीन-चार फेऱ्या होऊ लागल्या. दोन फूट बाय दोन फूट टाइल्सच्या एका पेटीचे वजन साधारण २८ किलो भरते. गाडीची वहनक्षमता १,७०० किलो; पण भरल्या जात ७५ ते ७८ पेट्या, म्हणजे २,१०० किलोहून अधिक. मागचा भाग बसलेला दिसे, हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जाई आणि खड्ड्यात अ‍ॅक्सल चासीच्या रबरावर आपटे.

पुतण्या म्हणाला, "काका, पाटे वाढवून घेऊ का? मिस्त्री म्हणतो, अडीच टनालाही गाडी वाकणार नाही."

मी निवृत्त बँक अधिकारी. कागद-पेन्सिल घेऊन बसलो. कराड ते चिपळूण जाऊन-येऊन सुमारे दोनशे किलोमीटर, सोळा-सतरा लिटर डिझेल, ड्रायव्हरचा भत्ता, हमालांचा दिवस. आठवड्याची एक फेरी वाचली तरी पाट्यांचा खर्च दोन महिन्यांत वसूल होतो, असा हिशेब मी मांडून दिला. हिशेबात बेरजेची चूक नव्हती. मिस्त्रींनी दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे चढवले. ७८ पेट्या भरूनही गाडी सपाट उभी राहिली आणि आम्ही सर्वांनी समाधान मानले.

नोकरीत असताना एक प्रकार मी अनेकदा पाहिला होता. थकत चाललेल्या खात्याची मर्यादा वाढवून द्यायची, म्हणजे ते कागदावर नियमित दिसते. गाडीच्या बाबतीत मी नेमके तेच केले, हे मला त्या वेळी सुचले नाही.

उलगडा श्रावणात झाला. काही कामासाठी रिकामी गाडी भुईकाट्यावर तोलली होती. ती पावती पाहताना मला गाडी विकत घेतल्यावेळची पावती आठवली. (जुने कागद न फेकण्याची माझी सवय घरात चेष्टेचा विषय आहे.) दोन्ही पावत्या शेजारी ठेवल्या, तर २२० किलोंचा फरक! वाढवलेले चार पाटे चाळीस किलोंच्या आत. उरलेले १८० किलो कोठून आले?

हौद्यात पुढच्या बाजूला, ताडपत्रीखाली, वाळूने भरलेल्या चार गोण्या होत्या.

आमचे ड्रायव्हर पन्नाशीचे आहेत. घरातील मुले त्यांना मामा म्हणतात. त्यांना विचारले, तेव्हा ते संकोचून म्हणाले, "साहेब, पाटे घातल्यापासनं गाडी रिकामी असली की मागनं उडती. कोयनेच्या पावसात वळणावर दोनदा सरकली. म्हणून थोडं वजन ठेवतो."

"मग सांगितले का नाही, मामा?"

"तुम्ही सगळ्यांनी बसून ठरवलं होतं. मी काय सांगणार?"

त्यानंतर मी प्रथमच या विषयाचा अभ्यास केला. अधिकृत सेवा केंद्रातील एका अनुभवी तंत्रज्ञाने गाडीखाली बसवून मला सारे दाखवले. पाट्यांचा गठ्ठा हा केवळ आधार नसून ती स्प्रिंग आहे. सारख्या पाट्यांची संख्या वाढवली तर कडकपणा त्याच प्रमाणात वाढतो. पण पाट्याची जाडी वाढवली तर तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे केवळ दहा टक्के जाड पाटा जवळजवळ एक-तृतीयांश अधिक कडक असतो. असा कडक गठ्ठा भरल्या गाडीला सोसतो. परंतु रिकाम्या गाडीचे हलके वजन त्याला वाकवू शकत नाही, चाक रस्त्याला धरून राहत नाही आणि ओल्या वळणावर गाडी मागून सुटते. मामांनी पुस्तक न वाचता हेच ओळखले होते.

दुसरी गोष्ट मला अधिक अस्वस्थ करून गेली. आमच्या गाडीत चासी आणि मागचा अ‍ॅक्सल यांच्यामध्ये दांडीने जोडलेला एक व्हॉल्व्ह आहे. गाडी भरली की चासी खाली येते, दांडी सरकते आणि मागच्या ब्रेकला अधिक दाब मिळतो. रिकामी असली की तो दाब कमी होतो. आम्ही पाटे वाढवल्यावर चासी खाली येईनाशीच झाली. दोन टनांहून अधिक माल असताना व्हॉल्व्ह गाडी जवळजवळ रिकामीच समजत होता आणि कुंभार्ली उतरताना रोखण्याचा बहुतेक भार पुढच्या ब्रेकवर येत होता. पाच महिने मामा अशी गाडी घेऊन घाट उतरत होते. काही घडले नाही.

पर्यायांची चौकशी केली. परदेशात, विशेषतः ऑस्ट्रेलिया व अमेरिकेत, पाट्यांच्या जोडीला हवेच्या पिशव्या बसवतात. भरताना हवा वाढवावी, रिकामी असताना कमी करावी, कल्पना उत्तम. तथापि पाटे चासीला पुढे आणि मागे अशा दोन ठिकाणी भार देतात, तर पिशवी तो अ‍ॅक्सलच्या वर एकाच जागी देते. माल अ‍ॅक्सलच्या मागे लोंबत असेल तर तेथेच चासी वाकण्याचा धोका असतो. शिवाय दररोज हवा कोण तपासणार? कडक शॉक अ‍ॅब्सॉर्बरने भार उचलला जात नाही. ते फक्त गाडीचे उसळणे आवरतात. आमच्या कामाला मानवेल असा पर्याय म्हणजे रबराचे मोठे, पोकळ ठोकळे. गाडी रिकामी असताना ते अ‍ॅक्सलला टेकतही नाहीत. भार वाढू लागला की हळूहळू दाबले जाऊन पाट्यांना साथ देतात.

मात्र यांपैकी कोणत्याही साधनाने गाडीची क्षमता एका किलोनेही वाढत नाही. अ‍ॅक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक, चासी हे सर्व आहे तेवढेच राहते. कायदाही तेच म्हणतो. नोंदणीपत्रातील कमाल वजन ओलांडल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये. वर जादा माल उतरवण्याचा खर्च आपलाच. माझ्या हिशेबात ही ओळ नव्हती, आणि मामा तर नव्हतेच.

दहा दिवसांनी पर्युषण आले. श्रावकाच्या पहिल्या व्रताच्या पाच अतिचारांत अतिभार आहे, हे मी लहानपणापासून प्रतिक्रमणात ऐकत आलो आहे. अर्थ सांगताना महाराजसाहेब बैलाचे उदाहरण देत, आणि आमच्या घरी बैल नाही म्हणून तो अतिचार मी मनातल्या मनात ओलांडून पुढे जात असे. या संवत्सरीला तो शब्द आला आणि मला पुढे जाता आले नाही. लोखंडाला वेदना नसते, हे खरे; पण त्या लोखंडावर एक माणूस बसलेला असतो आणि घाटात समोरून येणाऱ्या एस.टी.त चाळीस-पन्नास. दुसऱ्या दिवशी मामांची क्षमा मागितली. ते बिचारे इतके गोंधळले की चहाही अर्धाच प्याले.

मग काम केले. वाढवलेले पाटे काढले. मूळ गठ्ठा थकला होता, म्हणून तो कंपनीच्या मापाचा नवा घातला. बुश, शॅकलच्या पिना आणि यू-बोल्टही नवे. जुने यू-बोल्ट ताणलेले असतात, ते पुन्हा वापरू नयेत, आणि नवेही काही शे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत, असे तंत्रज्ञांनी बजावले. रबराचे ठोकळे त्यांच्या संमतीने बसवले आणि व्हॉल्व्हची दांडी तपासून घेतली.

पेट्यांची संख्या ठरवताना बंधूंशी वाद झाला. ते म्हणाले, "१,७०० भागिले २८, साठ पेट्या." मी म्हटले, ड्रायव्हर व हमाल यांचे १३० किलो याच १,७०० मधून जातात, म्हणून छप्पन्न. "दादा, चार पेट्यांसाठी एवढा घोळ?" असे ते म्हणाले खरे, पण फळ्यावर ५६ लिहिले. माल रचण्याची जागाही बदलली. पूर्वी उतरवणे सोपे जावे म्हणून पेट्या फाळक्याकडे रचत. दोन चाकांमधील अंतर तीन मीटर धरले आणि मालाचा मध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या तीस सेंटीमीटर मागे गेला, तर मागच्या अ‍ॅक्सलवर मालाच्या वजनाच्या ११० टक्के भार पडतो आणि पुढची चाके तेवढी हलकी होऊन स्टिअरिंग सैल लागते. आता माल अ‍ॅक्सलच्या पुढे रचला जातो. हमाल कुरकुरतात, कारण त्यांना हौद्यात चढावे लागते. त्यांची कुरकुर रास्त आहे. उतराईचा दर थोडा वाढवून दिला.

चिपळूणच्या एका जुन्या ग्राहकाने दोन फेऱ्यांचे भाडे देण्यास नकार दिला आणि माल दुसरीकडून घेतला. बंधूंनी मला ते दोन वेळा ऐकवले. मोठ्या मागणीसाठी आता भाड्याचा ट्रक सांगतो. त्यात नफा कमी राहतो.

पहिल्याच आठवड्यात कोयनानगरला धुवाधार पाऊस होता. मामा रिकामी गाडी घेऊन रात्री साडेनऊला परतले. "कशी आली?" विचारले, तर म्हणाले, "आली की नीट." वाळू शेजारच्या बांधकामावर ओतली आहे. रिकाम्या चार गोण्या मात्र त्यांनी घडी करून सीटखाली ठेवल्या आहेत. "असू द्या साहेब, लागतील कधी," असे म्हणतात.