आदतच्या मैदानात

बैलगाडी शर्यतीत, आदतच्या मैदानात, बैलाचं वय कागदावर बघत नाहीत, तोंडात बघतात. एकानं वेसण धरायची, दुसऱ्यानं खालचा ओठ ओढून दात दाखवायचे. दुधाचे दात शाबूत असले तर आदत, पुढचे दोन पक्के आले की दुसा, चार आले की चौसा. आमच्या खोंडाचा एक दात हलायला लागलाय, हे चुलतभावानं फोनवर सांगितलं तेव्हा मी परळच्या ऑफिसात होतो. पोटात गोळाच आला. दात पडला की वर्ग बदलणार, आणि वरच्या वर्गात टिकायची आमची ऐपत नाही.

वडील गिरणीत होते तेव्हा लालबागच्या खोलीतून गावाला मनीऑर्डर जायची. १९८२चा संप झाला, पुढे गिरणी गेली, पण गाव सुटलं नाही. आता आम्ही लालबाग-परळमधल्या काही मित्रांनी सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी भागीत हा खिल्लार खोंड घेतलाय. दावणीला तो चुलतभावाकडे असतो, खर्च आम्ही वाटून घेतो.

बंदीची वर्षं आम्ही बघितली आहेत. २०११मध्ये केंद्राच्या अधिसूचनेत बैलाचं नाव आलं, मे २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यती थांबवल्या. ट्रॅक्टरनं शेतातलं काम आधीच नेलं होतं. शर्यतही गेल्यावर नुसता पोसायला खिल्लार कोण ठेवणार? गावातली चांगली जनावरं बाजार दाखवून विकली गेली, आणि त्यांना घेऊन जाणारे शेतकरी नव्हते. २०१७मध्ये राज्यानं कायदा केला, तोही न्यायालयात अडकला. १६ डिसेंबर २०२१ला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ला घटनापीठानं कायदा कायम केला. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर रात्रभर गुलालाचे फोटो येत होते.

नियम मला मनापासून पटतात. धाव हजार मीटरच्या आत, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाचा दाखला, काठी-चाबूक-बॅटरी बंद. पूर्वी बैलाच्या पाठीवर वळ उठलेले मी बघितलेत. आज नुसत्या हाकेवर आणि कासऱ्यावर छकडा सुसाट येतो, तेव्हा बैल किती मनानं पळतो हे कळतं.

दुखणं पैशाचं आहे. दाखला, अनामत, मंडप, कॅमेरे हा आयोजकांचा खर्च प्रवेश फीतून वसूल होतो. फी वाढली म्हणून बक्षीस वाढलं. ढाल आणि पितळी घागर मागे पडली. २०२३मध्ये भाळवणीच्या मैदानात पहिल्या नंबराला थार गाडी होती. बक्षीस गाडीचं झालं की बैलाची किंमतही गाडीसारखी होते. मग सरकी पेंड पुरत नाही. खारीक लागते, उडीद लागतो, दूध लागतं. पिकअपचं भाडं वेगळं, नावाजलेला ड्रायव्हर हवा तर त्याचे पैसे वेगळे. माझ्या वाट्याला पूर्वी महिन्याला दोन हजार यायचे, आता पाच येतात. आमच्यातला एक जण खोलीचे हप्ते सुरू झाल्यावर भागीतून बाहेर पडला. जाताना त्यानं हिशेबाची वही माझ्या हातात दिली, बैलाचा विषय काढला नाही.

आदत हा वर्ग गरिबाचा होता. घरच्या गाईचा खोंड, शेजाऱ्याशी पैरा, की झाली जोडी तयार. आता लाखांची खोंडं तिथेही उतरतात, कारण आदतला नाव झालं की सौद्यात भाव चढतो. खोंड गटफेरीतच तिसरा आला तर घरच्या गाईवाला पुढच्या वेळी येत नाही. तो आला नाही तर खिल्लार गाय तरी कशाला सांभाळेल? ज्या जातीसाठी कोर्टात इतकी वर्षं भांडलो, ती त्याच्याच गोठ्यात जगते.

म्हणून गावच्या यात्रा कमिटीपुढे आम्ही मागणी ठेवली आहे: आदतला फी आणि बक्षीस दोन्हींवर मर्यादा घाला, आणि एक गट फक्त घरच्या पैदाशीच्या खोंडांसाठी ठेवा. काही जणांना ते पटलंय. बाकीचे म्हणतात, गाडी नाही ठेवली तर गर्दी कुठून येणार. यात्रेआधी पुन्हा बैठक आहे आणि त्यासाठी आम्ही मुंबईहून जाणार आहोत.